बायोडाटात काम कुठे आहे?

विरार किंवा नालासोपारा स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात बायोडाटा करून मागितला, तर दुकानदार आधी विचारतो, "लग्नाचा की नोकरीचा?" प्रश्न वाजवी आहे, कारण दोन्ही कागद सख्खे भाऊ शोभतील असेच असतात. वडिलांचे नाव, जन्मतारीख, धर्म, वैवाहिक स्थिती दोन्हीकडे सारखेच. लग्नाच्या कागदात उंची आणि गोत्र वाढते. नोकरीच्या कागदात तळाशी 'वरील माहिती खरी आहे' अशी ग्वाही येते. मधला मजकूर बहुधा आधीच्या गिऱ्हाइकाच्या फाइलमधला: मेहनती, वक्तशीर, नवे शिकण्याची आवड. माणूस कोणाचा आहे ते कळते. तो काय करतो, हे मात्र कळत नाही.

वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवऱ्याच्या औद्योगिक गाळ्यांत याचा फटका थेट बसतो. लेथवर चार वर्षे काढलेला मुलगा 'अनुभव 4 वर्षे' एवढेच लिहितो. मालकाला हवे असते ते वेगळेच. लेथ साधा की सीएनसी? ड्रॉइंग वाचता येते का? मायक्रोमीटर हाताळतो का? सेटिंग स्वतः करतो, की दुसऱ्याने सेट केलेल्या मशीनवर नुसता जॉब लावतो? एका पाळीत किती जॉब निघत, त्यांतले रिजेक्ट किती? या उत्तरांच्या चार ओळी 'मेहनती' या शब्दापेक्षा कितीतरी जास्त बोलतात. खोलीक्रमांकासकट अख्खा पत्ता लिहिण्यापेक्षा 'वसई रोड स्टेशनजवळ राहतो, रात्रपाळी चालेल' हे मालकाच्या अधिक उपयोगाचे. तोच कागद चर्चगेटच्या कार्यालयात द्यायचा असेल, तर रात्रपाळीची ओळ काढावी लागेल. विरार ते चर्चगेट साठ किलोमीटर; एकच कागद दोन्ही टोकांना कसा चालेल?

लिओनार्दो दा विंचीला हे उमगले होते. साधारण 1482मध्ये मिलानच्या लुडोविको स्फोर्झाकडे काम मागताना त्याने पत्रात आधी हलके पूल, तोफा आणि वेढ्याची यंत्रे मांडली. स्फोर्झाला लढायांची चिंता होती. चित्रकलेचा उल्लेख आला तो पार शेवटी.

स्वतःच्या कामाला काम न मानण्याची सवय बायकांत अधिक दिसते. बचत गटाचे हिशेब पाच वर्षे सांभाळलेली, बँकेत कर्जाचे हप्ते भरणारी, सभासदांची वसुली करणारी बाई 'अनुभव' या रकान्यात 'नाही' लिहिते. किती सभासद, किती रक्कम, कोणत्या नोंदी ठेवल्या, एवढे लिहिले तरी अकाउंट्स असिस्टंटच्या जागेसाठी तो अनुभवच ठरतो.

तरीही सारा दोष उमेदवाराच्या माथी मारणे अन्यायाचे. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल या अभ्यासकांनी खासगी कंपन्यांच्या वर्तमानपत्री जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवून पाहिले; फरक होता तो नावांचा. 2007 साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आलेल्या निष्कर्षांनुसार, अनुकूल उत्तर येण्याचा संभव उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला सुमारे दोन तृतीयांश आणि मुस्लिम नावाला एक तृतीयांशच होता. धर्म, जात, वडिलांचा व्यवसाय हे रकाने खासगी नोकरीच्या कागदावरून खुशाल काढावेत; कामाशी त्यांचा काडीचा संबंध नाही. नाव मात्र काढता येत नाही, आणि ते वाचणाऱ्याच्या मनातली चाळणी कुठलाही डीटीपीवाला दुरुस्त करून देऊ शकत नाही.

2009 साली चार नगरपरिषदा आणि 53 ग्रामपंचायती मिळून झालेल्या वसई-विरार महापालिकेच्या हद्दीत 2011च्या जनगणनेनुसार बारा लाखांवर माणसे होती. इतक्या मोठ्या वस्तीत गाळ्यांच्या दारावरची पाटी अजूनही 'हेल्पर पाहिजे' आणि खाली मोबाइल नंबर एवढीच. पगार नाही, पाळी नाही, मशीनचे नाव नाही. जसा प्रश्न मोघम, तसे उत्तरही मोघमच येणार. गाळामालकांनी निदान पाटी बदलावी: काम कोणते, तास किती, पगार किती, एवढे तीन शब्द खडूने लिहायला खर्च येत नाही.