उचल रोखीत, कार्ड पेटीत

दैनंदिन खर्चासाठी रोख रक्कम वापरावी की डेबिट कार्ड, हा प्रश्न शहरांत बहुधा सोयीचा किंवा सवयीचा म्हणून चर्चिला जातो. बीड जिल्ह्यात मात्र तो खर्चाचा होण्याआधी मिळकतीचा प्रश्न असतो. केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, आणि त्यांचा वर्षाचा व्यवहार सुरू होतो तो उचलीने, म्हणजे हंगामाआधी मुकादमाने, म्हणजे मजुरांची टोळी नेणाऱ्या कंत्राटदाराने, दिलेल्या आणि पुढे तोडणीच्या मजुरीतून वळत्या होणाऱ्या आगाऊ रकमेने. ही उचल प्रामुख्याने नोटांच्या रूपात हाती पडते आणि जुने देणे, लग्न, दवाखाना, किराणा यांत नोटांच्याच रूपात निघून जाते. तिला मधे बँकेत नेऊन कार्डाने खर्च करण्याचे काही कारणच त्या घराला उरत नाही.

कार्ड घरात नसते असे नाही. २८ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झालेल्या जनधन योजनेने शिल्लक रकमेची अट नसलेले खाते आणि त्यासोबत रुपे डेबिट कार्ड दिले. डेबिट कार्ड म्हणजे खात्यात असलेलेच पैसे काढण्याचे किंवा वळते करण्याचे साधन. क्रेडिट कार्डासारखे त्यात कर्ज नसते, त्यामुळे ऐपतीबाहेरच्या खर्चाचा जो दोष कार्डांवर सरसकट ठेवला जातो तो येथे फारसा लागू होत नाही. खरी अडचण खाते रिकामे असण्याची आहे.

रोखीच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे. नोट देताच व्यवहार पुरा होतो, तर कार्डाला यंत्र, वीज, जाळे आणि समोरच्याचे खाते असे सगळे जुळून यावे लागते. फडातल्या मजुराला हातखर्चाचे पैसे मिळतात ते बरेचदा उसाचे वाढे चाऱ्यासाठी विकून, आणि ते आठवडी बाजारात लगेच उपयोगी पडतात. तरीही रोख म्हणजे निर्धास्तपणा, हा समज ८ नोव्हेंबर २०१६च्या रात्री खोटा ठरला. ५०० आणि १०००च्या नोटा रद्द झाल्या तेव्हा नवा गळीत हंगाम नुकताच उघडत होता, आणि काही दिवसांतच जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांनाही जुन्या नोटा स्वीकारण्यास मनाई झाली.

कार्ड पेटीत पडून राहण्याची एक किंमत मात्र क्वचितच सांगितली जाते. जनधनच्या रुपे कार्डाला अपघात विम्याची जोड आहे, २८ ऑगस्ट २०१८ नंतर उघडलेल्या खात्यांसाठी २ लाख रुपयांची. पण अपघाताच्या आधीच्या ९० दिवसांत कार्ड एकदा तरी यशस्वीपणे वापरलेले असावे लागते. पहाटेच्या अंधारात ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांवरून प्रवास करणाऱ्या, साप-विंचवांत राबणाऱ्या माणसांना ही अट कोणी समजावून सांगत नसेल, तर कार्डवाटपाचे आकडे मिरवण्यात काय अर्थ आहे?

याहून मोठा मुद्दा नोंदीचा आहे. उचल किती दिली, किती टन तोड झाली, खाडे किती धरले आणि किती फिटले, याचा लेखी पुरावा बहुधा मुकादमाच्या वहीतच असतो. पट्टा पडताना, म्हणजे हंगाम संपताना, ‘अजून बाकी आहे’ असे सांगितले गेले तर मजुराकडे दाखवायला कागद नसतो. उचल खात्यात जमा झाली तर निदान दिलेल्या रकमेचा आकडा दोन्ही बाजूंना एकच राहतो. शिवाय नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता धरण्याची रीत असल्याने बाईच्या श्रमाचे पैसेही पुरुषाच्या हाती जातात. तिच्या नावाच्या खात्यात तिचा वाटा जमा होणे ही या संपूर्ण चर्चेतली सर्वांत महत्त्वाची बाब आहे, रोख की कार्ड ही त्यामानाने दुय्यम.

पैसे ठेवायचे कोठे, हा आक्षेप रास्त आहे. बुडालेल्या पतसंस्थांचे चटके या जिल्ह्याने सोसले आहेत. २०२० पासून बँकेतील ५ लाख रुपयांपर्यंतच्या ठेवीला विमा संरक्षण आहे आणि ते सहकारी बँकांनाही मिळते, पतसंस्थांना नाही. जादा व्याजाच्या मोहात हा फरक नजरेआड होतो. कार्डाचा पिन दुकानदाराला सांगून पैसे काढून घेण्याची रीतही घातक, कारण रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या नियमांनुसार ग्राहकाच्या निष्काळजीपणाने झालेले नुकसान बँकेला कळवेपर्यंत त्याच्याच माथी बसते.

टपरीवर आता कार्डापेक्षा मोबाइलचा क्यूआर अधिक दिसतो, पण त्यामागेही तेच खाते असते. तेव्हा मिळकत आणि शिल्लक बँकेत, बाजारहाट रोखीत, आणि तीन महिन्यांतून एकदा तरी कार्डाचा वापर, ही वाटणी बीडच्या कष्टकरी घराला आज परवडणारी आहे. पण रोखविरहित व्यवहाराचे आवाहन करणाऱ्यांनी ते आधी मजुराला न करता कारखाने, वाहतूकदार आणि मुकादम यांना करावे, आणि उचल नवरा व बायको दोघांच्या खात्यांत वेगवेगळी जमा करण्याचे बंधन शासनाने घालावे.