दुसरी कीपर निवडताना

उंद्री, ता. चिखली, जि. बुलढाणा
संक्रांतीनंतरचा रविवार

चि. मनूस,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी वावरात होतो. तिथली रेंज तुला माहीतच आहे, अर्धं ऐकू आलं आणि अर्धं अंदाजाने घेतलं. एवढं कळलं, की युनिव्हर्सिटीच्या मुलींच्या टीमची तू कॅप्टन झालीस, पहिली कीपर पक्की आहे आणि दुसरी कोण घ्यायची यावरून तुमच्यात दोन तट पडलेत. मी नुसतं ‘बघू’ म्हणालो. तुझी मामी रागावली, ‘पोरीने एवढ्या लांबून विचारलं आणि तुम्ही बघू काय म्हणता?’ म्हणून हे पत्र. फोटो काढून पाठवतोय. अक्षर लागलं नाही तर आईला विचार, तिला माझं अक्षर लहानपणापासून लागतं.

इकडे सगळं ठीक. तूर खळ्यातून घरात आली, हरभरा घाट्यावर आहे आणि रात्री डुकरं हाकलायला जागावं लागतं. तिकडे लीड्सला थंडी फार असेल. हॉलमध्ये सराव झाला की घामेजल्या अंगाने तशीच बाहेर पडू नकोस, आधी स्वेटर घाल. जेवत जा वेळेवर. नुसत्या ब्रेडवर राहू नकोस माय.

आता मुद्द्याचं. तुझ्या सांगण्यावरून दोघी आहेत. एक चौथ्या नंबरला खेळणारी, वेळ पडली तर ग्लोव्हज घालून उभी राहते. दुसरी ती कोलंबोची. हात सोन्याचे, बॅटिंगचा आनंदीआनंद. आणि तुझा कल पहिलीकडे आहे, हे माझ्या लक्षात आलं. मला काळजी वाटते ती याचीच. दुसरा कीपर निवडताना सगळ्यांची नजर त्याच्या बॅटकडे जाते. कारण रन वहीत लिहिलेले असतात आणि सुटलेलं स्टम्पिंग कुणी लिहून ठेवत नाही.

तुझी बाजूही खोटी नाही. आपल्या नागपूरला, जामठ्याच्या मैदानावर, फेब्रुवारी २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध टेस्ट होती. लक्ष्मण दुखापतीमुळे बाहेर होता, त्याच्या जागी रोहित शर्मा पहिली टेस्ट खेळणार होता, आणि टॉसच्या तोंडावर सराव करताना त्याचा घोटा मुरगळला. उरला कोण? धोनीला राखीव कीपर म्हणून आणलेला वृद्धिमान साहा. त्याला निव्वळ बॅट्समन म्हणून उतरवावं लागलं. समोर स्टेन. पहिल्या डावात साहा शून्यावर गेला, दुसऱ्या डावात मात्र ३६ काढले. आणि तुझ्या लीड्सच्याच हेडिंग्लेवर १९८६ मध्ये आपल्या चंद्रकांत पंडितने पहिली टेस्ट खेळली, तीसुद्धा बॅट्समन म्हणूनच. ग्लोव्हज किरण मोरेच्या हातात होते. तोच पंडित पुढे विदर्भाचा कोच झाला आणि २०१७-१८ ला आपल्याला पहिला रणजी करंडक मिळाला. तेव्हा राखीव कीपरला बॅट धरता आली तर सोन्याहून पिवळं, हे मी कबूल करतो.

पण त्याच १९८६ च्या उन्हाळ्यातली लॉर्ड्सची गोष्ट ऐक. न्यूझीलंडविरुद्ध इंग्लंडच्या कीपरला, ब्रूस फ्रेंचला, हॅडलीचा बॉल डोक्याला लागला. आधी बिल अ‍ॅथी या बॅट्समनला ग्लोव्हज दिले. वेळ मारून नेली, पण ते काही जमेना. तेव्हा दोन वर्षांपूर्वी रिटायर झालेला बॉब टेलर पाहुण्यांच्या तंबूत होता, वय ४५, त्याला बोलावून आणलं. समोरच्या कॅप्टनने, कोनीने, मोठ्या मनाने हो म्हटलं. टेलरने दुसऱ्याचे पॅड बांधले आणि काल खेळून गेल्यासारखा स्टंपामागे उभा राहिला. याच टेलरची ऐन उमेद अ‍ॅलन नॉटच्या मागे दुसरा कीपर म्हणून गेली होती. ज्याला वाट बघण्याची सवय असते ना, त्याचे हात लवकर गंजत नाहीत.

आता तर समोरच्या कॅप्टनच्या मोठ्या मनाचीही गरज नाही. २०१७ पासून नियमच बदलला आहे. बदली खेळाडूला बॅटिंग-बॉलिंग करता येत नाही, पण अंपायरने परवानगी दिली तर कीपिंग करता येतं. २०२५ च्या जुलैत लॉर्ड्सवर आपल्या कीपरचं, पंतचं, बोट दुखावलं, तेव्हा ध्रुव जुरेल आत आला आणि पंत बॅटिंगपुरता राहिला. म्हणजे तुझी चौथ्या नंबरची पोर अकरांत खेळतेच आहे, ती कुठे जात नाही. कोलंबोची बारावी ठेव. पहिल्या कीपरच्या बोटाला लागलं तर बॅट तिची आणि ग्लोव्हज हिचे. फक्त तुमच्या स्पर्धेचं नियमांचं पुस्तक आधी वाचून घे, तिथे काही वेगळं कलम घातलेलं असू शकतं.

हेही सांगतो, की जुरेलच्या हातून त्या मॅचमध्ये बाय बरेच गेले. लोक त्याला बोलले. लॉर्ड्सला बॉल बॅट्समनला ओलांडून गेल्यावर हलतो, हे बोलणाऱ्यांना कोण सांगणार! दुसऱ्या कीपरच्या वाट्याला हे येतंच. पहिल्याने सोडला तर बॉल वाईट, दुसऱ्याने सोडला तर हात वाईट. असं बोलणं ऐकून जिची मान खाली जात नाही, ती बघ.

आमच्या वेळी उंद्रीच्या टीममध्ये दोन कीपर होते. पहिला मोठा नावाजलेला, तोंडाचा पट्टा सतत चालू. दुसरा स्टँडजवळ सायकली दुरुस्त करायचा, अबोल पोरगा. मॅच सुरू झाली की बाउंड्रीबाहेर बसायचा, पण आतले कापडी ग्लोव्हज पहिल्या ओव्हरपासून हातात. कुणी हसलं तरी काढायचा नाही. एकदा खामगावला पहिल्याचा अंगठा सुजला. हा उठला, चालता चालता आमच्या ऑफस्पिनरला एवढंच विचारलं, ‘आज सरळ जाणारा टाकतोयस का?’ मग स्टंपामागे टाचेने दोन रेघा मारल्या, एक ऑफस्पिनरसाठी आणि एक फास्ट बॉलरसाठी, पहिल्याच्या रेघांपेक्षा अर्धा फूट पुढे. कारण दुपारनंतर विकेट मंद होते, हे त्याने बाहेर बसून पाहिलं होतं. आम्ही अकरा जण आत खेळत होतो आणि आमच्यापैकी कुणाच्याही ते लक्षात आलं नव्हतं.

म्हणून ट्रायलच्या दिवशी नुसते कॅच देऊन बघू नकोस. तुझ्या ऑफस्पिनरला बॉलिंग दे, समोर एखादी बॅटर उभी कर आणि तिला मुद्दाम बॅट फिरवून चुकवायला सांग. बॅट नसताना सगळ्याच छान धरतात. डोळ्यांपुढून बॅट गेली की निम्म्यांची पापणी मिटते आणि हात कडक होतात. बॉल टप्पा पडायच्या आधीच जी उठते ती नको. बॉलबरोबर उठणारी हवी. लेगला, बॅटरच्या आड बॉल दिसेनासा होतो तिथे पाय हलतात का तेवढं बघ. मग जरा पाठ फिरव आणि आवाज ऐक. चांगल्या हातात बॉल पडला तर फटकन वाजत नाही. हे सगळं दमल्यावर बघ, ताजेपणी नाही.

हात सारखेच निघाले तर बाकीच्या दिवसांचं बघ. तुमच्या बॉलरांना विचार, जादा सरावाला कोण थांबतं? बोलावणं कधी येईल सांगता येत नाही. २०२५ च्या मुलींच्या वर्ल्डकपमध्ये प्रतिका रावल जखमी झाली आणि शफाली वर्माला आणलं. ती मूळ संघात नव्हतीच, इकडे टी-ट्वेंटी खेळत होती. नवी मुंबईच्या फायनलला ८७ रन आणि वर दोन विकेटी! त्या संध्याकाळी मामीने कुकरची शिट्टीसुद्धा होऊ दिली नाही. आणि आपल्या अमरावतीचा जितेश शर्मा. मुंबई इंडियन्सने २०१६ मध्ये घेतला, एकही मॅच दिली नाही. आयपीएलची पहिली मॅच मिळाली २०२२ मध्ये, पंजाबकडून. २०२५ च्या मे महिन्यात लखनौला बंगळुरूच्या कॅप्टनचं बोट दुखावलेलं, म्हणून कप्तानीही याच्याकडे आली, आणि २२८ चा पाठलाग करताना पठ्ठ्याने ३३ बॉलमध्ये नाबाद ८५ ठोकले. मधली सहा वर्षं त्याने हातांवर गंज चढू दिला नाही.

तुझी ती अमेरिकन रूममेट तिकडच्या फुटबॉलमधल्या कुठल्याशा फोल्सचं सांगते म्हणालीस, दुसरा क्वार्टरबॅक असून २०१८ ची सुपर बोल जिंकून दिली म्हणे. तिला विचार, तो बाहेर बसलेला असायचा तेव्हा काय करायचा? मलाही कळव. गंमत नाही, मला खरंच ऐकायचंय.

आणि बाई, निवडून मोकळी होऊ नकोस. राखीव म्हणून घेतली आणि सगळा हंगाम पाण्याच्या बाटल्या वाहायला लावल्या, तर ऐन वेळी तिच्याकडून काय मागणार? दर सरावाला अर्धा वेळ तिला तुझ्या मुख्य बॉलरांसमोर उभी कर. सोप्या मॅचला पहिलीला विश्रांती दे आणि हिला पूर्ण डाव दे. पहिली कुरकुर करेल, करू दे. जिला घेणार नाहीस तिलाही स्वतः सांग, समोर बसवून, चहा पाजून. ग्रुपवर यादी टाकून पळू नकोस. तू लहानपणी कठीण बोलायचं असलं की चिठ्ठी लिहून फ्रिजवर चिकटवायचीस, ते मला आठवतं.

मामीने तिळाच्या वड्या डब्यात भरून ठेवल्यात, पण पोस्टाचा दर ऐकून आम्ही दोघं गप्प बसलो. चिखलीच्या एका दुकानदाराचा मुलगा मार्चमध्ये तिकडे येतोय, त्याच्याबरोबर पाठवू. ट्रायल झाली की कोण घेतली ते कळव. चौथ्या नंबरचीच घेतलीस तरी मी रागावणार नाही, पण बॅट फिरवून बघितलीस का, एवढं मात्र विचारणार.

तुझा,
मामा