लहान चणीचा घोडा

आईवडिलांसाठी निवास शोधायला निघालेल्या मुलांचे प्रश्न ठरलेले असतात. डॉक्टर किती दिवसांनी येतात? रात्री सिस्टर असते का? बाथरूममध्ये धरायला दांडे आहेत का? पथ्याचे जेवण मिळते का? प्रश्न रास्तच आहेत. पण बाबांना सकाळी आठपर्यंत लोळत पडता येईल का, आईला दुपारी स्वतःच्या हाताने आल्याचा चहा करून घेता येईल का, हे सहसा कुणी विचारत नाही. स्वतःच्या घरात या गोष्टींसाठी कुणाची परवानगी लागत नसते, म्हणून त्या सुचतच नाहीत.

एखाद्या बंगल्यात चालणारे दहा-बारा जणांचे निवास डोळ्यांपुढे आणा. सहाला चहा, मग रक्तदाब आणि साखर तपासणे. ज्यांना जमत नाही त्यांच्या आंघोळी, अंथरुणावर असलेल्यांचे अंग पुसणे. नाश्त्याला उपमा, कुणाला नाचणीची आंबील. सकाळ-दुपार-रात्र अशा कप्प्यांच्या डबीतून गोळ्या. संध्याकाळी रामरक्षा, मग टीव्हीवरची मालिका. दोन मावश्या आणि एक मामा यांच्यावर हा सारा डोलारा उभा असतो. अशा ठिकाणी कामाचा उरक हा मोठा गुण ठरतो, आणि धोकाही त्यातच असतो. सदऱ्याची बटणे लावायला आजोबांना दहा मिनिटे लागतात, मावशी ती एका मिनिटात लावते. तिच्यापुढे आणखी तीन आंघोळी असतात. म्हणून ती लावून टाकते, आणि मायेनेच लावते. काही आठवड्यांनी आजोबा बटणाकडे हात नेणेच सोडून देतात. वयाने त्यांची बोटे थकवली होती, घाईने ती कामातूनच काढून टाकली.

अमेरिकी डॉक्टर सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये वार्धक्यातल्या परावलंबनाची एक मोजपट्टी मांडली. आंघोळ, कपडे घालणे, शौचाला जाणे, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणे, मलमूत्रावरचा ताबा आणि जेवण या सहा गोष्टी माणूस आपल्या आपण करतो का, एवढेच ती विचारते. ती आजही वापरात आहे. कुणाला किती मदत लागते ते तिच्यावरून कळते. मदत कशी करावी, हे मात्र करणाऱ्यालाच शोधावे लागते.

केरेन ब्राउन विल्सन यांनी ते शोधले. त्यांच्या आईला पंचावन्नाव्या वर्षी पक्षाघात झाला आणि पुढचे आयुष्य बव्हंशी शुश्रूषागृहांत गेले. मला इथून घरी ने, हे तिचे मागणे मुलीच्या मनातून गेले नाही. १९८३ मध्ये विल्सन यांनी ओरेगॉन राज्यातल्या पोर्टलंड शहरात ‘पार्क प्लेस’ हे निवास सुरू केले. औषधे, जेवण, उठबस अशी सगळी मदत तिथे मिळे, पण प्रत्येकाला स्वतंत्र खोली, छोटे स्वयंपाकघर आणि कुलूप लावता येईल असे दार होते. त्यामुळे मदतीला येणाऱ्याला दारावर टकटक करावी लागे. मालक कोण आणि पाहुणा कोण, हे त्या एका दाराने ठरवले.

याच विचाराचे दुसरे उदाहरण आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे आहे. ‘बीइंग मॉर्टल’ या २०१४ च्या पुस्तकात डॉ. अतुल गावंडे यांनी आपल्या आजोबांची, सीताराम गावंडे यांची हकिगत सांगितली आहे. शंभरी गाठली तरी ते रात्री झोपण्यापूर्वी घोड्यावरून शेताला फेरी मारत. ते पडतील ही धास्ती मुलांना होतीच. पण ती फेरी त्यांच्यासाठी काय आहे, हेही मुले जाणून होती. त्यांनी फेरी बंद केली नाही. लहान चणीचा घोडा आणला आणि सोबत कायम कुणीतरी असेल अशी व्यवस्था केली.

पडण्याची भीती खोटी नसते. खुब्याचे हाड मोडले की पुष्कळ म्हातारी माणसे पुन्हा पूर्वीसारखी चालत नाहीत. पण भीतीला बंदी हे एकच उत्तर नव्हे. गॅसपाशी उभे राहणे झेपत नसेल, तर खुर्चीत बसून मेथी निवडता येते. बारीक बटणांऐवजी मोठी टिचबटणे लावता येतात. एकटे फाटकापर्यंत जाणे अवघड असेल, तर मामांनी दोन पावले मागे राहून चालावे. यात मोडणारी गोष्ट एकच, ती म्हणजे वेळ. मावशीकडे वेळ हवा तर आणखी एक मावशी हवी आणि तिचा पगार निवासाच्या शुल्कातच धरावा लागणार. डॉक्टर-सिस्टरची चौकशी करणाऱ्या मुलांनी म्हणून हेही विचारावे: इथे एका मावशीकडे किती जण असतात?

निवासापर्यंत जायचीही गरज नाही. आज घरात कुणी आजी सुईत दोरा ओवत असतील, कुणी आजोबा मोबाइलवर एकेक अक्षर शोधत असतील. वस्तू हातातून काढून घेण्याआधी त्यांना विचारावे, “मी करू का, की जमतंय?” आणि ‘जमतंय’ म्हणाले, तर त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवून आपले काम थोडे उशिरा करावे.