एक दिवस अनाथांसाठी आणि रुग्णांसाठी



पवित्र कुरआनातील 'अल्-माऊन' हा अध्याय अवघ्या सात आयतींचा आहे. आपल्या मुलांनाही तो मुखोद्गत असतो. अंतिम न्यायनिवाड्याला खोटे लेखणारा मनुष्य कोण, या प्रश्नाने त्याचा आरंभ होतो आणि उत्तरात सर्वप्रथम उल्लेख येतो तो अनाथाला धक्के देणाऱ्याचा. पुढे नमाजविषयी गाफील असणाऱ्या व दिखावा करणाऱ्या नमाजींनाही इशारा दिला आहे. उपासना आणि अनाथाचा हक्क यांची अशी सांगड अल्लाहने स्वतः घातली आहे.

प्रेषित मुहम्मद (स.) यांचे पितृछत्र जन्मापूर्वीच हरपले होते, सहाव्या वर्षी माताही निवर्तल्या. म्हणूनच अनाथाचे संगोपन करणारा स्वर्गात आपल्या किती निकट असेल, हे त्यांनी दोन बोटे जवळ धरून दाखविले.

आपल्या सोलापूर जिल्ह्याला या सेवेची जुनी परंपरा आहे. पंढरपूर येथे 1875 साली लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने निराधार बालकांसाठी आश्रम सुरू झाला. सत्कार्य कोणाच्याही हातून घडो, श्रद्धावंताने त्यापासून बोध घ्यावा.

तेव्हा महिन्यातील एक दिवस या कार्यासाठी राखून ठेवा. सकाळी एखाद्या बालगृहात जा, मात्र व्यवस्थापकांची परवानगी घेऊन. मुलांना बिर्याणी वाढून लगेच परतू नका. त्यांच्यासोबत बसून जेवा, गणित शिकवा, फाटलेला गणवेश शिवून द्या. पुन्हा येण्याचे वचन दिले तर ते पाळा. ज्या बालकाला मोठ्यांनी एकदा सोडून दिले आहे, त्याला मोडलेले वचन दुप्पट जखम करते. आणि मोबाईल खिशातच राहू द्या. 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार अशा मुलांची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. आपल्याला तर दिखाव्याबाबतचा इशारा चौदा शतकांपूर्वीच मिळाला आहे.

दुपारी शासकीय रुग्णालयात जा. तेथे मराठीबरोबरच कन्नड, तेलुगू व उर्दू बोलणारे रुग्ण येतात. कोणाला केसपेपर काढून द्या, कोणाला डॉक्टरांचे म्हणणे त्याच्या भाषेत समजावून सांगा, कोणासाठी रक्तदान करा. रुग्णाजवळ थोडाच वेळ थांबा, धीर द्या, दुआ करा. त्याचा धर्म विचारू नका. प्रेषितांची सेवा करणारा एक यहुदी मुलगा आजारी पडला, तेव्हा प्रेषित (स.) स्वतः त्याच्या घरी जाऊन उशाशी बसले होते. माननीय रुफैदा (रजि.) यांनी मदीनेत जखमींसाठी तंबू उभारला होता; म्हणून भगिनींनीही या सेवेत मागे राहू नये.

याच सोलापुरात 1910 साली जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये चीनला गेले आणि परक्या भूमीवरील जखमींची शुश्रूषा करता करता 1942 मध्ये वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी मरण पावले. आपल्यापासून तर रुग्णालय एका रिक्षाच्या अंतरावर आहे.

संध्याकाळी घरी परतल्यावर मात्र एक कठीण प्रश्न स्वतःला विचारा. आपल्या दिवंगत भावाची मुले कोठे आहेत? त्यांची आई विड्या वळून त्यांचे पोट भरत असेल आणि वडिलांच्या घरातील वा यंत्रमागाच्या कारखान्यातील त्यांचा वाटा आपल्या ताब्यात असेल, तर बालगृहात वाटलेली मिठाई आपल्याला वाचवू शकणार नाही. अनाथांची संपत्ती अन्यायाने खाणारे आपल्या पोटात आग भरतात, असे कुरआनाने 'अन्-निसा' या अध्यायात बजावले आहे. आधी तो वाटा परत करा, मग सेवेला निघा.

अंतिम दिनी अल्लाह आपल्या दासाला विचारील की, मी आजारी असताना तू मला भेटायला का आला नाहीस? दास चकित होईल. तेव्हा त्याला सांगितले जाईल की, अमुक दास आजारी होता. तू त्याच्याकडे गेला असतास, तर मी तुला तेथेच भेटलो असतो, असा या हदीसचा आशय आहे. त्या प्रश्नाचे उत्तर तयार करण्याची सवड आज आपल्या हाती आहे.

अल्लाह आम्हा सर्वांना अनाथांचे हक्क अदा करण्याची आणि रुग्णांची निःस्वार्थ सेवा करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.