१ जुलैच्या दोन नोंदी

१९९१च्या आर्थिक सुधारणांचे कौतुक करणाऱ्या लेखनात एक दावा हमखास असतो. देश दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होता, सरकारने हिंमत दाखवली आणि सामान्य माणसाला फारशी झळ न लागता आपण तरलो. यातला पहिला भाग निर्विवाद आहे. परकीय चलन दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते उरले होते, सुमारे ४७ टन सोने परदेशात गहाण पडले होते. १ आणि ३ जुलैला रुपयाचे अवमूल्यन झाले. २४ जुलैला एकाच दिवशी नवे औद्योगिक धोरण आणि मनमोहन सिंग यांचा अर्थसंकल्प आला. पण झळ लागली नाही, हे मी मान्य करणार नाही. ज्यांना तसे वाटते त्यांनी भिलाई या पोलादनगरीचा इतिहास वाचावा.

अवमूल्यनाला बरोबर वर्ष झाले त्या दिवशी, १ जुलै १९९२ रोजी, भिलाईच्या पॉवर हाऊस स्थानकात खासगी कारखान्यांतले कामगार बायकामुलांसह मुंबई-हावडा मार्गाच्या रुळांवर बसले होते. कामावरून काढलेल्यांना परत घ्या, पोट भरेल इतकी मजुरी द्या, बारमाही काम करणाऱ्याला कायम करा, एवढेच त्यांचे मागणे होते. पोलिसांनी गोळीबार केला. सोळा कामगार मेले, एक पोलीस अधिकारीही प्राणाला मुकला. त्याआधी नऊ महिने, २८ सप्टेंबर १९९१च्या पहाटेपूर्वी, त्यांचे नेते शंकर गुहा नियोगी झोपेत असताना खिडकीतून गोळी झाडून त्यांचा खून झाला होता. २००५ साली सर्वोच्च न्यायालयात शिक्षा टिकली ती एकट्या गोळी झाडणाऱ्याची.

माझे डावे मित्र म्हणतात, हे सगळे जागतिकीकरणाचे बळी. तेही मला पटत नाही. भिलाईच्या खासगी कारखान्यांतला लढा अवमूल्यनाच्या आधीच पेटला होता. त्याच्याही मागे जा. २-३ जून १९७७ला दल्ली-राजहराच्या लोहखाणींत ठेका मजुरांवर गोळ्या चालल्या आणि अकरा जण गेले. तेव्हा ना सोने गहाण होते, ना नाणेनिधीच्या अटी होत्या. १९५५च्या सोव्हिएत कराराने उभ्या राहिलेल्या ज्या सार्वजनिक भिलाई पोलाद कारखान्याचा आम्हाला अभिमान होता, त्यानेच कायम आणि ठेका कामगारांतली दरी पोसली. कायम कामगाराला कारखान्याच्या वसाहतीतल्या सेक्टरमध्ये क्वार्टर, मुलांना शाळा, आजारपणात सेक्टर ९चे इस्पितळ. त्याच कारखान्यासाठी खनिज फोडणारा ठेकेदाराचा माणूस मात्र या सगळ्याच्या बाहेर. त्या खाणमजुरांनी १९८३ साली स्वतःच्या वर्गणीतून आणि श्रमातून दल्लीत शहीद हॉस्पिटल उभे केले. सत्त्याहत्तरच्या मृतांची आठवण त्या नावात आहे.

म्हणजे संकटाने ही दरी निर्माण केली नाही. संकटाचा भार उतारावरच्या पाण्यासारखा तिच्याच दिशेने गेला. सरकारला कुणाचे ऐकू येत होते ते पाहा. अर्थसंकल्पात खतांच्या किमती ४० टक्क्यांनी वाढवल्या होत्या. शेतकऱ्यांच्या बाजूने संसदेत गदारोळ झाला आणि काही दिवसांतच ती वाढ ३० टक्क्यांवर आली, लहान शेतकऱ्यांना वगळण्यात आले. ते योग्यच झाले. पण महागाई सोळा-सतरा टक्क्यांवर गेली असताना रोजंदारीवरच्या ठेका मजुरासाठी असे कुणी भांडले नाही. भिलाईतल्या कायम कामगाराची नोकरीही त्या वर्षी गेली नाही. पुढे तो निवृत्त झाल्यावर ती जागा भरली गेली नाही. बाप क्वार्टरमध्ये राहिलेला आणि मुलगा त्याच कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली, अशी घरे तयार झाली. मंदीच्या आलेखात हे नुकसान कुठेच उमटत नाही.

एक आक्षेप मी गंभीरपणे घेतो. तिजोरीच रिकामी असताना कामगारांचे लाड कुठून करायचे? याला नियोगींच्या कामातच उत्तर आहे. दल्लीच्या खाणींचे पूर्ण यांत्रिकीकरण करायचे घाटत होते, तेव्हा त्यांनी नुसता विरोध केला नाही. खनिज माणसांनी काढावे आणि पुढची ठरावीक कामे यंत्राने करावीत, अशी अर्धयांत्रिकीकरणाची योजना त्यांच्या संघटनेने मांडली आणि ती परवडते हे हिशेबाने दाखवले. बेकार होणारा माणूसही खर्चाच्या बाजूला मांडला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. आपल्या कोणत्या अर्थमंत्र्याने तो रकाना उघडला? आणि भिलाईतल्या मागण्यांसाठी तर एक डॉलरही लागणार नव्हता. किमान वेतनाचा कायदा १९४८चा, ठेका मजुरीवरचा १९७०चा. मजूर मागत होते त्यातले बरेचसे या कायद्यांच्या कक्षेतलेच होते. कायदा पाळायला लावण्यासाठी सोने गहाण टाकावे लागत नाही.

तरीही दर संकटात पहिला घाव कामगार कायद्यांवरच पडतो. मे २०२०मध्ये टाळेबंदीने कारखाने थंडावले, मजूर पायी गावाकडे निघाले होते, आणि त्याच आठवड्यांत उत्तर प्रदेश, गुजरात आणि मध्य प्रदेशच्या सरकारांनी गुंतवणूक यावी म्हणून कामगार कायदे स्थगित किंवा सैल करण्याचे निर्णय घेतले. यातल्या मध्य प्रदेशातच १९९२ साली भिलाई होती.