‘प्रूडन्स’ या शब्दाचा अधिकार

इंग्रजींतील ‘प्रूडन्स’ हा शब्द आमच्या सुशिक्षित वर्गाच्या बोलण्यांत इतका रुळला आहे कीं, त्याचा अर्थ विचारणेंच कित्येकांस अप्रस्तुत वाटेल. मुलानें नोकरी सोडूं नये, भावानें फिर्याद करूं नये, आपण सभेंत बोलूं नये, अशा प्रत्येक ‘नये’च्या पाठीशीं तो उभा असतो. समजा, शेजारच्या विधवेचा हिस्सा तिचा दीर दडपीत आहे, आणि खरा कागद एका गृहस्थानें डोळ्यांनीं पाहिलेला आहे. तरी साक्षीस न जाणेंच ‘प्रूडंट’, असें म्हणून तो घरीं बसतो. असा मनुष्य स्वतःस भित्रा समजत नाहीं, शहाणा समजतो. शब्दानें त्याची तेवढी सोय केलेली असते. ही सोय करून देण्याचा त्या शब्दास कितपत अधिकार आहे, हें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मूळ लॅटिन शब्द ‘प्रुडेन्शिया’. पुढचें पाहणें या अर्थाच्या ‘प्रॉव्हिडेन्शिया’चा तो संक्षेप होय. त्याच्याही मागें ग्रीकांचा ‘फ्रोनेसिस’ आहे, व ॲरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्राच्या सहाव्या भागांत त्याचें विवेचन केलें आहे. तरुण मनुष्य भूमितींत निष्णात होऊं शकेल, परंतु हा गुण त्याच्या ठिकाणीं सहसा आढळत नाहीं, कारण तो निरनिराळ्या प्रसंगांच्या अनुभवानें येतो व अनुभवास काळ लागतो, असें त्याचें म्हणणें. आपला ‘पोक्त’ हा शब्द याच्या फार जवळचा. तोही फारशींतील ‘पुख्ता’, म्हणजे पिकलेला, यापासून आलेला. मात्र निव्वळ चतुराईस ॲरिस्टॉटल हें नांव देत नाहीं. हेतु वाईट असला कीं तीच चतुराई लुच्चेगिरी ठरते, असें त्यानें स्पष्ट म्हटलें आहे.

पुढें तेराव्या शतकांत टॉमस अक्वायनस यानें या गुणाचीं आठ अंगें सांगितलीं: स्मृति, समज, शिकण्याची तयारी, प्रसंगावधान, तर्क, दूरदृष्टि, भोंवतालच्या परिस्थितीचें अवलोकन आणि सावधगिरी. सावधगिरी आठांतील एक, आणि तीही शेवटची! आज तीच घरची मालकीण होऊन बसली आहे. याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, मसलत, निर्णय आणि कृतीची आज्ञा अशा तीन पायऱ्या सांगून त्यानें तिसरीसच मुख्य मानलें. विचार झाला, निर्णय झाला, पण पाऊल उचललें नाहीं, तर उणीव धैर्याचीच असते असें नव्हे. खुद्द या गुणाचीच असते.

मग हा अर्थ आटला कसा? ॲडम स्मिथच्या १७५९ सालच्या नीतिविषयक ग्रंथास १७९० च्या आवृत्तींत जो नवा भाग जोडला गेला, त्यांत आरोग्य, संपत्ति, दर्जा व लौकिक यांची काळजी घेणें हें प्रूडन्सचें काम ठरविलें आहे. सेनापति व मुत्सद्दी यांच्या ठिकाणीं दिसणारा त्याचा श्रेष्ठ प्रकारही स्मिथनें वर्णिला. पण लोकांनीं उचलला तो पहिलाच. तत्पूर्वीं १७८५ सालीं कांटनें स्वहिताचें चातुर्य नीतीच्या आवाराबाहेर काढलेंच होतें. १८४८ सालीं लंडनमध्यें स्थापन झालेल्या एका विमा संस्थेनें तर ‘प्रुडेन्शियल’ हेंच नांव घेतलें. विमा उतरविणें वाईट नव्हे, आम्हीही त्याचे हप्ते भरतों. पण सद्गुणाची एवढीच मिळकत उरावी?

जुना अर्थ अगदींच मेला मात्र नाहीं. १८७२ च्या पुरावा कायद्यानें ‘सिद्ध’ या शब्दाची जी व्याख्या केली, तींत प्रूडंट मनुष्यच मोजमाप आहे: गोष्ट इतकी संभवनीय असावी कीं, त्या परिस्थितींत अशा मनुष्यानें ती खरी धरून वागावें. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेंही हें माप कायम ठेविलें. येथें हा मनुष्य पूर्ण खात्रीची वाट पाहत थांबत नाहीं. पुरेसें दिसलें कीं कृति करतो. ज्या न्यायालयांत जावयाचें आपला गृहस्थ शहाणपण म्हणून टाळतो, तेथील तराजूच या शब्दानें घडविलेला आहे!

कोणी म्हणेल, चार तोंडें पोसणाऱ्यानें वैर कां ओढवून घ्यावें? हा आक्षेप आम्ही हलका समजत नाहीं. दीर जर त्याच्याच धन्याचा मित्र असेल, तर साक्षीची किंमत मुलांच्या ताटांतून जाईल, आणि सर्व तोलून तो गप्प राहिला तर त्यास दोष देण्यास आमची जीभ रेटणार नाहीं. पण त्यानें तोललें काय, हें विचारण्याचा हक्क आम्ही सोडीत नाहीं. विधवेचें नुकसान पारड्यांत पडलें होतें, कीं केवळ स्वतःचा त्रास? दुसरें पारडें रिकामें ठेवून केलेल्या हिशेबास धूर्तपणा म्हणा, जपणूक म्हणा. प्रूडन्स म्हणूं नका.

मराठींत याला प्रतिशब्द कोणता? ‘शहाणपण’ शब्दास उपहासाची कड आली आहे, ‘धोरण’ स्मिथच्या अर्थास शोभेल. आम्हांस ‘विवेक’च बरा वाटतो, जरी वेदान्तानें त्याला नित्यानित्याच्या विचारास जुंपलें आहे. आणि नुसती सावधगिरीच हवी असेल, तर समर्थांनीं दासबोधांत सावधपण सांगितलें आहे खरें. पण त्याच्या पाठोपाठ लगेच साक्षेप सांगितला आहे.