सोऱ्या कोणाच्या हाती?

चार वर्षांपूर्वीच्या दिवाळीत आम्ही आईच्या हातून सोऱ्या काढून घेतला. भांडण वगैरे काही नाही, अगदी प्रेमाने. "पुष्कळ केलंत आई, आता बसून राहा," असे सौ. म्हणाली आणि मी मान डोलावली. आई तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांची, प्रकृती ठणठणीत. पुढे कळशी गेली, बाजारची पिशवी गेली, पाट जाऊन खुर्ची आली. यंदा त्या खुर्चीवरून उठताना ती दोन्ही हात टेकते, हे माझ्या ध्यानात आले. डॉक्टर म्हणाले, "रोग काही नाही."

रोग नाही, मग शक्ती गेली कुठे?

२००७ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी माणसांना दहा दिवस अंथरुणावर पडून राहायला सांगितले होते. तेवढ्यात त्यांच्या पायांचे मांस जवळजवळ एक किलोने घटले. केवळ विश्रांतीने! उलट १९९० साली बोस्टनमध्ये नव्वदीच्या आसपासच्या, वृद्धाश्रमातल्या मंडळींकडून वजने उचलून घेतली, तर आठ आठवड्यांत त्यांच्या पायांची ताकद सरासरी पावणेतीन पट झाली. व्यायाम थांबताच ती ओसरूही लागली. म्हणजे शक्ती ही काही पेटीत जपून ठेवण्याची ठेव नव्हे.

मग आम्ही केली ती सेवा कसली? खरे सांगायचे तर आईचा हात संथ चालायचा आणि आम्हाला फराळ लवकर आटोपायचा होता. आमच्या सोयीला आम्ही मातृभक्तीचे नाव दिले. (तुमच्या घरचे तुम्ही पाहा.) उकळते तेल, ओली मोरी, पडण्याचे भय, हे सारे खोटे नव्हे. पण ते भय तिचे की आमचे, हे तिला कोणी विचारलेच नव्हते.

परवा मी तो पितळी सोऱ्या तिच्यापुढे ठेवला. कढई सौ.कडेच राहिली. "आता कुठं जमायचंय मला!" आई म्हणाली, पण पदर खोचून. पहिली चकली तुटली. दुसरीला दोनच वेढे आले. माझा हात आपसूक पुढे गेला.

"थांब रे," ती म्हणाली, आणि दट्ट्यावर तिने दोन्ही तळवे टेकवले.